सडा, बाव आणि गट नंबर

एप्रिलमधला सडा कोकणाच्या जाहिरातीत कधी येत नाही. नारळ येतो, समुद्र येतो, हापूसची पेटी येते. पण गावांच्या डोक्यावर मैलोन्‌मैल पसरलेलं ते काळपट, खडबडीत, तापलेलं कातळ कुणी दाखवत नाही. वर झाड नाही, सावली नाही. वाळक्या गवताच्या चार काड्या आणि मधूनच एखादी करवंदीची जाळी. चप्पल घालून चाललं तरी तळवे भाजतात. सातबाऱ्यावर अशा जमिनीची नोंद बहुतेक वेळा पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, अशी असते. माझ्या सासरच्या जमिनीतला सगळ्यात मोठा तुकडा याच नोंदीचा. माझं माहेर कराडचं, कृष्णाकाठच्या काळ्या मातीचं. तिथे एवढी जमीन नावावर असती तर माणूस साखर कारखान्यावर डायरेक्टर झाला असता. इथे राजापूर तालुक्यात तिच्यावर गुरं सोडतात.

शाळेच्या भूगोलात शिलावरण, जलावरण, वातावरण आणि जीवावरण अशी चार वर्तुळं काढायला लावायचे. चार रंगांत. ती एकमेकांना थोडी थोडी छेदायची, आणि छेदलेल्या तेवढ्या भागात पेन्सिलनं रेघोट्या मारायच्या. परीक्षेला दोन मार्क. सड्याच्या पायथ्याशी संसार करून माझं मत असं झालंय की रेघोट्यांचा भागच काय तो खरा. वर्तुळाचा मोकळा उरलेला भाग मला अजून कुठे सापडलेला नाही. त्या आकृतीत एक गोष्ट मात्र येत नाही, ती म्हणजे वेळ. दगड, पाणी, हवा आणि जीव एकमेकांचं देणं लागतात, पण ते देणं लगेच आणि जागच्या जागी चुकतं होत नाही. इथे केलेलं दोन गावं सोडून खाली निघतं. आज केलेलं नातवंडांच्या काळात निघतं, कधी कोटी वर्षांनी. तोवर कुणाचा हात होता हे सगळे विसरलेले असतात.

दगडापासूनच बघू, कारण सगळ्यात निवांत तोच दिसतो.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर पडत राहिला, थरावर थर साचत गेले आणि दख्खनचा काळा बेसॉल्ट तयार झाला. आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास मुलूख त्यानं व्यापलेला आहे. सह्याद्री त्यातलाच. आमच्या सड्याचा तांबडा जांभाही मुळात हाच काळा दगड. त्याला तांबडं केलं ते पावसानं. पावसाचं पाणी खाली येता येता हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडा विरघळवून घेतं, मातीत मुळं आणि जिवाणू श्वास सोडतात तिथून आणखी घेतं, आणि किंचित आम्ल होतं. एवढ्याशा आम्लानं एका पावसाळ्यात काही होत नाही. पण उष्ण, दमट हवेत लाखो वर्षं ते झिरपत राहिलं की दगडातला कॅल्शियम निघून जातो, मॅग्नेशियम जातो, सोडियम जातो, मग सावकाश सिलिकाही जाते. हलायला राजी नसतात ते दोघंच, लोखंड आणि ॲल्युमिनियम. ते मागे राहतात, आणि लोखंड हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून गंजतं. जांभ्याचा तांबडा रंग हा त्या गंजाचा.

आता तो ऑक्सिजन तरी कुठला? पृथ्वीच्या हवेत तो पहिल्यापासून नव्हता. समुद्रातल्या सायनोबॅक्टेरियांनी, म्हणजे सुटा जीव डोळ्यांना दिसणारही नाही अशा हिरव्यानिळ्या जिवाणूंनी, उन्हावर आपलं पोट भरताना तो बाहेर टाकायला सुरुवात केली. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठू लागला. पुढे शेवाळं आली, झाडं आली, त्यांनी तोच उद्योग चालू ठेवला. ज्याला आपण निर्जीव कातळ म्हणून हिणवतो त्याचा रंगसुद्धा सजीवांनी टाकून दिलेल्या वायूतून आला आहे.

घराची मागची पडवी पावसात बसली तेव्हा मी भावोजींबरोबर चिरेखाणीवर गेले होते. खड्ड्याच्या तळाशी मशीनचं पातं करकरत फिरत होतं, तांबड्या धुळीनं माणसांचे चेहरे ओळखू येत नव्हते. नुकता निघालेला जांभ्याचा चिरा हाताला ओलसर आणि गार लागतो. त्यात पिवळे, जांभळट, पांढुरके डाग असतात, मधे मधे बोट जाईल एवढी भोकं. गवंडी तो सहज तासतो. पण उन्हावाऱ्यात पडू दिला की हाच चिरा टणक होतो, आणि मग पिढ्यान्‌पिढ्या भिंत सोडत नाही. फ्रान्सिस बुकानन या ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसानं मलबारात लोक हा दगड मऊ असताना कापून घरं बांधतात हे पाहिलं, आणि १८०७ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटेराइट म्हटलं. तेव्हापासून जगभर तेच नाव चालतं. गवंडी मात्र चिराच म्हणतात.

पडलेल्या भिंतीत चिऱ्यांच्या सांध्यांमध्ये पांढरा चुना होता. हा चुना इकडे पूर्वी खाडीतल्या शिंपल्या भाजून करत. सासूबाईंच्या लहानपणी त्यांच्या माहेरच्या गावात चुन्याची भट्टी लागायची, बायका टोपल्या भरभरून शिंपल्या आणून ओतायच्या. सांध्याचा एक ढेपसा हातात घेऊन मी बराच वेळ उभी राहिले तेव्हा भावोजींना वाटलं मला ऊन लागलं. माझ्या डोक्यात चाललं होतं ते असं: काळ्या दगडातून सुटून गेलेला कॅल्शियम पऱ्ह्यांनी, नद्यांनी खाडीत आणि समुद्रात जातो. तिथे शिंपल्या, कालवं, शंख पाण्यातला तो कॅल्शियम आणि पाण्यात विरघळलेला कार्बन उचलून आपली कवचं बांधतात. एका घरचे दोघे भाऊ वेगळे निघावेत तसे एकाच दगडाचे दोन हिस्से झाले होते. मागे राहिला त्याचा चिरा झाला, वाहून गेला त्याची शिंपली झाली, आणि आमच्या आजेसासऱ्यांच्या गवंड्यानं दोघांना पुन्हा एका भिंतीत आणून बसवलं होतं.

यात हवाही आहेच. शिंपली भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भिजवलेला चुना सांध्यात भरला की पुढची कित्येक वर्षं तो हवेतून तोच वायू परत ओढून घेत दगड होत राहतो. पृथ्वी हाच व्यवहार मोठ्या मापानं करते. पाऊस हवेतला कार्बन घेऊन दगड झिजवतो, नद्या तो समुद्राला देतात, जीव त्याची कवचं करतात, कवचं तळाशी साचून चुनखडी होते, आणि ज्वालामुखी तोच कार्बन पुन्हा वर सोडतात. बेसॉल्ट या कामात ग्रॅनाइटपेक्षा चपळ, लवकर झिजतो. त्यामुळे दख्खन जन्मताना हवेत जो अफाट कार्बन डायऑक्साइड सोडून गेला, तो पुढे झिजता झिजता परतही खेचत राहिला. हवा तापली की पाऊस वाढतो, झीज वाढते, कार्बन उतरतो. गारठली की झीज मंदावते. पृथ्वी आपलं तापमान सांभाळते म्हणतात ते बरंचसं या मार्गानं. फक्त हे सांभाळणं लाखो वर्षांच्या हिशेबानं चालतं. १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आता ४२० च्या वर गेलेत. एका माणसाच्या आयुष्यात. दगडाच्या कानावर ही बातमी जायला अजून पुष्कळ अवकाश आहे.

पाऊस कुठून येतो हे कोकणात कुणी विचारत नाही, समुद्रावरून येताना तो उघड दिसतो. पण जूनमध्ये आमच्या कौलांवर आपटणारा वारा निघालेला असतो विषुववृत्ताच्याही पलीकडून, मादागास्करच्या बाजूच्या दक्षिण हिंदी महासागरातून. तो आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत येतो, तिथल्या डोंगराळ मुलखाला अडून उत्तरेला वळतो, विषुववृत्त ओलांडतो आणि सोमालियाजवळून अरबी समुद्रावर शिरतो. किलोमीटर-दीड किलोमीटर उंचीवर त्याचा जोरदार झोत असतो. फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञानं १९६९ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून त्याला फिंडलेटर झोत म्हणतात. वाटेत तो समुद्राची वाफ उचलत येतो, सह्याद्री आडवा आला की वर चढतो, गार होतो आणि ओझं टाकतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तो असा. घाटातली जंगलं त्यातला काही भाग पानांवाटे पुन्हा हवेत सोडतात. मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की पश्चिम घाटातल्या दाट जंगलांची ही वाफ पुढे तमिळनाडूत पाऊस होऊन पडते.

हाच वारा जाता जाता आणखी एक काम उरकतो. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगतचं वरचं पाणी तो लोटून देतो, आणि त्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. आपल्याकडे केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालाही पावसाळ्यात खालचं पाणी वर येतं. त्या पाण्यात तळाशी गेलेल्या जिवांचं खत असतं: नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका. ते उजेडात आलं की सूक्ष्म वनस्पतींचा बहर येतो. त्यातले डायॅटम आपलं कवच सिलिकेचं करतात, आणि ती सिलिका कधी ना कधी कुठल्यातरी डोंगरातून सुटलेली असते. तारली हे डायॅटम खाते, तारलीला सुरमई खाते, सुरमई आपण. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा होड्या किनाऱ्यावर झापांखाली असतात आणि समुद्रात हे जेवण चाललेलं असतं. नारळीपौर्णिमेनंतर ताटात येणाऱ्या बांगड्याच्या चवीचं श्रेय जाऊबाईंच्या तिरफळांना असेल, त्याच्या चरबीचं श्रेय मी वाऱ्याला देते.

वाऱ्याबरोबर पाहुणे येतात. चातक आफ्रिकेतून पावसाच्या तोंडावर येतो, त्याचं कौतुक कवींनी पुरेसं केलंय. मला चतुराचं अप्रूप जास्त आहे. पिवळसर तांबूस अंगाचे, सप्टेंबरात सड्यावर खाली न बसता घिरट्या घालणारे. शास्त्रात पँटाला फ्लेव्हेसेन्स. तात्पुरत्या पाण्यात अंडी घालायची आणि डबकं आटायच्या आत पिल्लाला पंख फुटवायचे, हा त्यांचा खाक्या. कातळातली डबकी त्यांना सोयीची, कारण त्यात अंडी-पिल्लं खाणारे मासे सहसा नसतात. ऑक्टोबरात वारा फिरला की हे चतुर दक्षिणेकडे निघतात. चार्ल्स अँडरसन हा सागरी जीवशास्त्रज्ञ मालदीवमध्ये राहायचा. त्या बेटांवर जमिनीवर साचलेलं गोडं पाणी जवळजवळ नाही, मग दर ऑक्टोबरात एवढे चतुर येतात कुठून, हा प्रश्न त्याला सोडेना. २००९ मध्ये त्यानं मांडलं की ते भारतातून येतात आणि उंचावरच्या वाऱ्याला धरून पूर्व आफ्रिकेला जातात. तिथे तेव्हा पावसाचे दिवस येतात, डबकी भरतात. मग पुढच्या पिढ्या पुढच्या वाऱ्याबरोबर माघारी. जाऊन येऊन चौदा ते अठरा हजार किलोमीटरचा फेरा, आणि कुठलाही एक चतुर तो पुरा करत नाही. काही पिढ्या मिळून करतात. त्याच सुमारास अमूर ससाणे नागालँडकडून येऊन आपल्या डोक्यावरून अरबी समुद्र ओलांडतात. समुद्रावर त्यांना शिदोरी या चतुरांची असावी असं अँडरसनचंच म्हणणं. आमच्या पोटखराब्यात वाढलेला किडा सोमालियाला निघालेल्या ससाण्याच्या पोटात जातो, आणि सातबाऱ्यावर त्यासाठी रकाना नाही.

कासच्या पठारावर हल्ली तिकीट काढून फुलं बघतात. आमच्या सड्यावर तिकीट नाही, बघायलाही कुणी नाही, त्यामुळे खुशाल पालथं पडता येतं. बघायचं तर तसंच बघावं लागतं. सीतेची आसवं ही निळी-जांभळी फुलं नखाएवढी. खाली मातीचा थर म्हणाल तर दोन-चार बोटं, काही ठिकाणी तोही नाही, आणि त्यातलं पोषण एवढ्या पावसानं धुऊन नेलेलं. मग झाडांनी नायट्रोजन आणावा कुठून? या झाडानं तो जिवंत धरायचं ठरवलं. पाण्याबरोबर उखडून आलेलं एखादं रोप हातात घेऊन भिंगातून पाहिलं तर मुळांसारख्या धाग्यांना खसखशीएवढ्या पिशव्या दिसतात. झाड पिशवीतलं पाणी उपसून बाहेर टाकतं, पिशवीच्या भिंती आत ओढल्या जातात. दाराशी बारीक केस असतात. पाण्यातला एखादा जीव केसाला लागला की दार आत उघडतं, आणि तो पाण्यासकट आत खेचला जातो, सेकंदाच्या हजाराव्या भागात. शेजारी गेंदाचे पांढरे गोंडे शांतपणे डोलत असतात. कडेला दवबिंदूची तांबडी पानं चिकट थेंब लावून माश्यांची वाट बघत असतात. एवढ्या सुंदर जागी एवढी मारामारी क्वचितच बघायला मिळते.

एप्रिलमध्ये सड्याचा जो काळपट रंग दिसतो, तोही बराचसा जिवंत असतो. सुकून पडलेल्या सायनोबॅक्टेरियांचा आणि दगडफुलांचा तो थर. तेच, हवेत ऑक्सिजन भरणाऱ्यांचे वंशज. पहिला पाऊस झाला की ते जागे होतात, त्यांच्यातले काही हवेतला नायट्रोजन पकडून इतरांना खाण्याजोगा करतात, आणि जुलैत सड्यावर माणूस सपशेल आपटतो तोही त्यांच्याच बुळबुळीतपणामुळे. सुट्या दगडांखाली देवगांडूळ सापडतो, दिसायला गांडूळ पण नात्यानं बेडकाचा भाऊबंद. त्यातली गेगेनिओफिस शेषाचारी ही जात २००३ मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून जगाला कळली. दगड उलटून पाहिला तर होता तसा ठेवावा, त्याच्या खालची ओल महत्त्वाची असते.

तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि मे महिन्यात टँकर, यावर घाटावरचे लोक हसतात. माझा भाऊ तर फोनवरही हसतो. पण इथली जमीन बघा. घाटमाथ्यापासून समुद्र साठ-सत्तर किलोमीटरवर, नद्या आखूड, उतार तीव्र. पडलेलं पाणी एका दिवसात खाडीत. उरतं ते सड्यानं पोटात घेतलं तेवढंच. जांभ्यात भोकं, भेगा, पोकळ्या असतात, त्यातून पाणी खाली उतरतं. जांभ्याखाली शेडी असते, चिकण, पांढुरक्या-गुलाबी मातीचा थर. तिथे पाणी अडतं, मग आडवं सरकतं आणि सड्याच्या कुशीत कुठेतरी झरा होऊन बाहेर पडतं. आमची वाडी आहे तिथेच का आहे, याचं उत्तर तो झरा. त्याच्याखाली बाव, म्हणजे विहीर, बावीखाली पाट, पाटावर पोफळीचं आगर, आगराखाली भाताचे मळे, मळ्यांपुढे खाडी.

हे खालचं पाणी कुणाचं ऐकत नाही. राजापूरजवळ उन्हाळे गावी गंगा येते. साधारण तीन वर्षांनी कुंडांमधून पाणी वाहू लागतं, दोनेक महिने राहतं आणि जातं. लोक लांबून स्नानाला येतात. जमिनीखालच्या पोकळीत पाणी ठरावीक पातळीला चढलं की वक्रनलिकेच्या, म्हणजे सायफनच्या, न्यायानं ते एकदम वाहून निघतं, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. तिचं वेळापत्रक अलीकडे बरंच बिघडलंय, त्याबद्दल स्नान करणारे आणि स्पष्टीकरण देणारे दोघंही सारखेच चिंतेत असतात.

आमच्या वाडीच्या वरचा सड्याचा मोठा पट्टा मधल्या काळात बागेसाठी गेला. जेसीबी आला, सुरुंग लागले, कातळ फोडून खड्डे पाडले, बाहेरून माती आणून भरली, हापूसची कलमं लावली. पलीकडे चिरेखाण सुरू झाली. दोन्हींतून गावातल्या माणसांना मजुरी मिळते. आमच्या घरातही आंब्याचे पैसे येतात आणि पडवी त्याच खाणीच्या चिऱ्यांनी उभी राहिली, त्यामुळे मी काही सोवळ्यात बसून बोलत नाही. पण अभ्यासकांनी इथल्या सड्यांवर मोजणी केली तेव्हा बागा झालेल्या कातळावर सड्याचे खास बेडूक कमी भरले. कारण साधं आहे, डबकी बुजलेली असतात. आणि आमची बाव पूर्वी मे महिना कसाबसा काढायची, ती आता एप्रिलातच तळ दाखवते. सासूबाई म्हणतात, "पाणी वरून येतं, तर वर काय केलंत ते बघा." पंचायतीत म्हणतात पाऊस बदललाय, महिन्याचा चार दिवसांत कोसळतो आणि वाहून जातो. तिसरा म्हणतो बोअरवेली किती झाल्या ते मोजा. मला तिघांचंही पटतं, आणि गोम तिथेच आहे. सुरुंग लागला त्याच उन्हाळ्यात बाव आटली असती तर गावानं मालकाला धरला असता. ती आटत गेली सावकाश, दर वर्षी हातभर. तोवर बागेचा मालक बदलला होता आणि खाण पुढच्या गटात, म्हणजे सातबाऱ्यावरच्या पुढच्या नंबरात, सरकली होती.

अशा उशिराच्या हिशेबाचं सगळ्यात मोठं उदाहरण माझ्या माहेरच्या वाटेवर आहे. कुंभार्ली घाट चढताना कोयनेच्या वीजघराचं पोफळी गाव लागतं. कोयना नदी मुळात घाटावरची. कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पार बंगालच्या उपसागराला जाते. धरण बांधल्यावर तिचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं, सह्याद्रीच्या उंचीवरून खाली सोडून वीज केली, आणि ते वाशिष्ठीत सोडून दिलं. वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत पाणी असं अरबी समुद्राकडे येतं. माहेरची नदी सासरच्या जिल्ह्यात नांदायला आली, माझ्यासारखीच, फक्त तिला कुणी विचारलं नाही. त्या पाण्यामुळे चिपळुणात वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहते आणि मुंबईत दिवे लागतात.

पण धरण भरायला लागलं १९६२ च्या सुमारास, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे जमीन हलली. तीव्रता ६.३. कोयनानगर कोसळलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आजी सांगायची, कराडात मांडणीवरचे डबे धडाधड खाली आले आणि माणसं थंडीत अंथरुणासकट रस्त्यावर येऊन बसली. तोवर दख्खन म्हणजे भूकंपाची भीती नसलेला, पक्का मुलूख असा समज होता. साठवलेल्या पाण्याचा भार आणि भेगांमधून खोल उतरणारा त्याचा दाब यामुळे आधीच ताणलेल्या फटी सरकतात, असं शास्त्रज्ञांनी पुढे मांडलं. आजही तिथे लहान भूकंप होतात, आणि पावसाळ्यानंतर जलाशय भरण्या-उतरण्याशी त्यांचा मेळ लागतो. तिथे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून पाहिलं तेव्हा काळ्या दगडाचा थर सव्वा किलोमीटरच्या आसपास निघाला, खाली ग्रॅनाइट. भूकंप होतात ते त्या ग्रॅनाइटमध्ये. आकाशातून पडलेलं पाणी एका जागी अडवून धरलं, तर ते काही वर्षांनी जमिनीच्या इतक्या पोटात जाऊन हात दाखवतं.

खाडीचं फार सांगत नाही, तिच्यावर वेगळं लिहायला हवं. एवढंच, की वर जे जे सुटतं ते शेवटी तिच्याकडे येतं. सतराव्या शतकात राजापूर हे नावाजलेलं बंदर होतं, इंग्रजांची वखार होती, गलबतं थेट शहरापर्यंत यायची. गाळानं ती वाट बुजली. गाळ थोडा आला तर तिवर आणि चिपी या खारफुटींची मुळं त्याला धरून ठेवतात, गळलेली पानं खेकडे ओढून नेतात, त्यावर कोळंबीची पिल्लं वाढतात. काळ्या चिखलात हवा पोचत नाही म्हणून तिथे गाडला गेलेला कार्बन लवकर कुजून वर येत नाही. फार गाळ आला की हीच मुळं गुदमरतात आणि खडकावरची कालवं त्याखाली दबतात. कालवं काढणाऱ्या बायका पावसाळ्यानंतर खडकावर हात फिरवून सांगतात की यंदा वर कुठेतरी डोंगर कापलाय.

मागच्या ग्रामसभेत बावीचा विषय निघाला. सड्यावर पाणी अडवायचं, बुजलेली डबकी मोकळी करायची, उतारावर दगडी बांध घालायचे, असं सगळ्यांच्या मतानं ठरलं. मग ग्रामसेवकांनी विचारलं, काम कुठल्या गटात दाखवायचं? बाव आमच्या गटात. झरा वरच्या गटात, तो सामाईक, हिस्सेदारांतले दोघे बोरिवलीला आणि एक दुबईला. पाणी मुरतं ते त्याच्याही वरच्या तीन गटांत. एकावर बाग, एकावर खाण, एक देवस्थानाचा. "पाण्याचा फायदा ज्याला होतो त्याच्या गटात दाखवा," मागून कुणीतरी सुचवलं.

"मग समुद्रापर्यंतचे उतारे काढावे लागतील," भावोजी म्हणाले.

लोक हसले. ग्रामसेवकांनी इतिवृत्तात "सविस्तर चर्चा झाली" असं लिहून घेतलं, आणि सभा पुढच्या विषयाला लागली. टँकर सकाळी सातला बोलवायचा की संध्याकाळी पाचला, यावर मात्र पाऊण तास वाद झाला.